टायर हाच फ्यूज : जुन्या ड्रॅग शर्यतींत इंजिनं का फुटायची?



जुन्या अमेरिकन ड्रॅग शर्यतींच्या चित्रफिती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मागे दोन रुंद काळे टायर, मधे उघडंवाघडं इंजिन. इशारा मिळतो, गाडी सुटते आणि पांढऱ्या धुराचा असा लोट उठतो की गाडीच दिसेनाशी होते. कधी मधेच इंजिनातून भडका उडतो आणि धातूचे तुकडे हवेत जातात.

पाहणारा म्हणतो, "काय ताकद आहे!" धूर मात्र वेगळंच सांगत असतो. टायर धुरावतो याचा अर्थ इंजिनाची बरीचशी ताकद रस्त्यापर्यंत पोचतच नाही, ती रबर जाळण्यात खर्च होते. आणि आजच्या भागाचा मुद्दा असा की, ही जी ताकद वाया जात होती, तीच गाडीचे बाकीचे भाग वाचवत होती. घरातला फ्यूज जसा स्वतः जळून वायरिंग वाचवतो, तसा टायर स्वतः घसरून क्लच, गिअरबॉक्स आणि आस वाचवत होता. टायर सुधारले आणि तोडमोड थांबण्याऐवजी जागा बदलून आत सरकली. शेवटी ती अशा ठिकाणी पोचली जिथे माणूस बसलेला होता. हा सगळा प्रवास आज क्रमानं पाहू.

पाव मैलाचा हिशोब

ड्रॅग शर्यतीचे नियम दोन ओळींत सांगता येतात. सरळ पट्टी, दोन गाड्या, दोन्ही उभ्या अवस्थेतून सुटणार. पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर जो आधी पार करील तो जिंकला.

सुरुवात दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तिथली तरुण मंडळी मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर जुन्या गाड्या पळवत. युद्ध संपल्यावर हात चालवायला शिकलेले अनेक सैनिक घरी परतले, आणि शर्यती शहरातल्या रस्त्यांवर आल्या. अपघात होऊ लागले. त्यावर उपाय निघाला तो विमानांच्या धावपट्ट्यांचा. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या वापरात नसलेल्या पट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, तीच आजची एनएचआरए. आपल्याकडेही चेन्नईजवळच्या शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी गाड्यांच्या शर्यतींसाठी वापरली गेली. फक्त तिथे फेऱ्यांच्या शर्यती होत.

आता शाळेतलं एक सूत्र आठवा. अंतर म्हणजे प्रवेगाच्या निम्मे गुणिले वेळेचा वर्ग. समजा, टायर गाडीला तिच्या वजनाइतकाच जोर देऊ शकतो. म्हणजे प्रवेग गुरुत्वाकर्षणाइतका, सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद. या हिशोबानं ४०२ मीटरला ९ सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. घर्षणानं याहून जास्त काही मिळणार नाही, असं त्या काळी पुष्कळ शिकलेल्या लोकांना वाटत असे.

१९५७ मध्ये फ्लोरिडातल्या डॉन गार्लिट्स यांनी हेच अंतर ८.७९ सेकंदांत कापलं. शेवटी वेग होता ताशी १७६.४० मैल, म्हणजे सुमारे २८४ किलोमीटर. पाठ्यपुस्तकातला अंदाज तिथेच मोडला. मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत शिरतं, त्याला चिकटतं, आणि लाकडाच्या ठोकळ्याचं घर्षण त्याला लागू पडत नाही. गार्लिट्स हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

ताकद आली कुठून?

दोन गोष्टींतून. एक रणगाड्याच्या दुनियेतून आली, दुसरी रसायनांच्या दुकानातून.

पहिली गोष्ट म्हणजे ब्लोअर. जनरल मोटर्सचं ६-७१ नावाचं दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन होतं. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. युद्धात ते सैनिक उतरवणाऱ्या नौकांमध्ये होतं, आणि शर्मन रणगाड्याच्या एम-४-ए-२ या प्रकारात अशी दोन इंजिनं जोडीनं बसवलेली असत. दोन-स्ट्रोक डिझेलला जळका वायू बाहेर ढकलून ताजी हवा भरायला पंखा लागतो, म्हणून या इंजिनावर मोठा ब्लोअर असे. युद्धानंतर तो भंगारात स्वस्तात मिळू लागला. पोरांनी तो उचलला आणि पेट्रोल इंजिनाच्या डोक्यावर बसवला. आता इंजिन हवा ओढत नव्हतं, हवा त्याच्यात कोंबली जात होती. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, म्हणजे जास्त ताकद. एक योगायोगही पाहा : सहा गुणिले ७१ म्हणजे ४२६ घनइंच, सुमारे ७ लिटर. पुढे या शर्यतींवर राज्य केलं ते क्रायस्लरच्या हेमी इंजिनानं, आणि १९६४ मध्ये आलेल्या त्याच्या प्रसिद्ध अवताराचा आकारही ४२६ घनइंचच होता. आपल्या मारुती ८०० ची जवळपास नऊ इंजिनं एकत्र केली तर एवढं माप होईल.

दुसरी गोष्ट नायट्रोमिथेन. हा द्रव पेट्रोलपेक्षा कमी उष्णता देतो. पेट्रोल किलोला सुमारे ४४ मेगाज्यूल, नायट्रोमिथेन फक्त ११ च्या आसपास. मग एवढा बोलबाला कशासाठी? कारण इंजिनात टंचाई इंधनाची नसते, हवेची असते. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो नायट्रोमिथेनला लागते जेमतेम १.७ किलो. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्राणवायूच आहे, म्हणजे तो आपली शिदोरी बरोबर घेऊनच येतो. त्यामुळे तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन जाळता येतं आणि एकूण उष्णता पेट्रोलच्या सव्वादोन पट मिळते. इंजिन तेच, घाव दुप्पट. एनएचआरएनं १९५७ पासून काही वर्षं या इंधनावर बंदी घातली होती. वेग झेपेनात, हे त्यामागचं एक कारण होतं. १९६० च्या दशकात ते अधिकृतपणे परत आलं.

इंजिन फुटतं म्हणजे नेमकं काय होतं?

"इंजिन फुटलं" हा एकच शब्दप्रयोग आपण चार वेगळ्या आजारांना लावतो. ते वेगळे करून पाहू.

पहिला आजार, इंधन कमी पडणं. ऐकायला उलटं वाटेल, पण शर्यतीत इंधन जास्त होण्यापेक्षा कमी होणं अधिक घातक. जास्तीचं इंधन वाफ होताना सिलिंडर थंड ठेवतं. ते कमी पडलं की मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आधीच पेटतं. पिस्टन वर येतोय आणि वरून स्फोट त्याला खाली दाबतोय. अॅल्युमिनियमचा पिस्टन मग मेणासारखा वितळतो, त्याला भोक पडतं.

दुसरा आजार नेमका उलटा. स्पार्क प्लग बंद पडतो, इंधन मात्र येतच राहतं. नायट्रोमिथेनचं प्रमाण आधीच प्रचंड, त्यामुळे सिलिंडर द्रवानं भरतो. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर येतो आणि जणू भिंतीला धडकतो. मग एकतर कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर सिलिंडरचं डोकंच उचललं जातं. हा आजार आपल्याला परका नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतल्या कित्येक गाड्यांची इंजिनं अशीच गेली. तिथे इंधनाऐवजी पावसाचं पाणी होतं, एवढाच फरक. म्हणून तुंबलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला आधी प्लग उघडून पाणी काढू द्या.

तिसरा आजार ब्लोअरचा. या गाड्यांत इंधन ब्लोअरच्या वरूनच आत सोडलं जाई. म्हणजे ब्लोअर आणि त्याखालची सगळी पोकळी पेटणाऱ्या मिश्रणानं भरलेली. आत येणारी एखादी झडप मिटली नाही किंवा तुटली, तर सिलिंडरमधली ज्योत उलटी वर जाते आणि तो सगळा डबा एकदम उडतो. १९५९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चेस्टर इथे गार्लिट्स अशाच स्फोटात गंभीर भाजले. पुढे ब्लोअरला मजबूत पट्ट्यांनी जखडू लागले, आणि दाब वाढला की ठरलेल्या जागी फाटेल अशी पातळ चकती बसवू लागले. आपल्या प्रेशर कुकरला सुरक्षा झडप असते, तोच विचार.

चौथा आजार थकव्याचा. नायट्रोचा घाव हातोड्यासारखा असतो, आणि तो प्रत्येक वेळी रॉड आणि बेअरिंगवर बसतो. म्हणून जाणकार चमू धावेनंतर ऑइल पॅन खाली उतरवून बेअरिंग तपासत. रॉड अॅल्युमिनियमचे वापरत. ते पोलादापेक्षा थोडे लवचीक, धक्का अंगावर घेतात, पण आयुष्य कमी. म्हणून किती धावा झाल्या ते मोजायचं आणि तुटण्याआधीच बदलून टाकायचे. चांगला दिसतोय म्हणून ठेवला, तर तोच रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर यायचा. गरम तेल एक्झॉस्टच्या नळ्यांवर पडायचं आणि आगीचा लोळ मागे जायचा. मागे चालक बसलेला असायचा.

टायर जाळायचा कशासाठी?

आता टायरकडे येऊ. सुरुवातीला नक्षी नसलेले, नव्यानं रबर चढवलेले साधे टायर वापरत. इंजिनाच्या ताकदीपुढे ते टिकायचे नाहीत. गाडी पाव मैलभर टायर फिरवत, धूर सोडतच जायची. चालकाचं कौशल्य म्हणजे ती घसरण सांभाळणं.

इथे फ्यूजची गोष्ट नीट समजून घ्या. चाकाला जमिनीकडून जेवढा विरोध मिळतो, साधारण तेवढाच ताण आस, गिअर आणि क्लच यांच्यावर येतो. टायर घसरला की तो ताण तिथेच अडतो. इंजिन कितीही मोठं लावा, मधल्या भागांना घर्षणाच्या मर्यादेबाहेरचा भार क्वचितच सोसावा लागतो. याचा एक तोटाही होता. टायर एकदम सुटला की इंजिन मोकळं होऊन भरमसाट फिरायचं, झडपा वेळेवर मिटायच्या नाहीत, आणि मग वर सांगितलेला तिसरा आजार. तरीही एकंदरीत हा फ्यूज चालकाच्या भल्याचाच होता.

मग खास ड्रॅग शर्यतीसाठी बनवलेले टायर आले. रिफकिन बाप-लेकांचे एम अँड एच रेसमास्टर हे त्यातलं अग्रगण्य नाव. मऊ रबर, रुंद पृष्ठभाग, नक्षी नाही. नंतर बाजूच्या भिंती पातळ केल्या आणि हवा अगदी कमी भरू लागले. गाडी सुटताना अशा टायरची भिंत चुरगळलेल्या कापडासारखी मुरडते, त्यामुळे जमिनीला टेकलेला भाग लांबतो आणि धक्का हळुवार होतो. पुढे वेग वाढला की चाक फिरण्याच्या जोरानं तोच टायर फुगून उंच होतो, म्हणजे गिअर न बदलता वरचा गिअर टाकल्यासारखं होतं. आजच्या सर्वांत वेगवान वर्गात हे मागचे टायर ३६ इंच उंच असतात.

या टायरांबरोबर बर्नआउट आला. शर्यतीच्या आधी चाकं जागच्या जागी फिरवून टायर जाळायचे. तो देखावा झाला, लोक त्यासाठी तिकीट काढू लागले, पण त्यामागे तीन कामं होती. चिकटलेली धूळ-खडी निघून जाते. रबर तापून चिकट होतं. आणि पट्टीवर आपल्याच रबराचा थर बसतो, त्या थरावरून गाडी सुटली की पकड अधिक मिळते. चाकं फिरायला सुरुवात व्हावी म्हणून आधी खाली घरगुती ब्लीच ओतत, कुणी राळेची पूड टाकत. ब्लीचच्या वाफेनं डोळे-घसा चुरचुरायचा. शेवटी साधं पाणी रूढ झालं.

इथे जरा थांबून आपल्या तरुण मित्रांसाठी एक गोष्ट. पुढचा ब्रेक दाबून मोटारसायकलचं मागचं चाक रस्त्यावर जाळणारे वीर हल्ली गल्लोगल्ली दिसतात. तुमचा टायर हजारो किलोमीटर चालावा म्हणून कडक रबराचा बनवलेला असतो. तो तापवून कामाची पकड वाढत नाही. आतले थर मात्र कमकुवत होतात, आणि तो टायर नंतर कधीतरी महामार्गावर दगा देतो. हौस असेल तर लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. अशा बंद पट्टीवर, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना जा.

फ्यूज गेला, मग काय तुटलं?

टायर पकडू लागले तसा ताण आत सरकला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात घसरण्याचं काम टायरकडून काढून मुद्दाम क्लचकडे देण्यात आलं. अनेक चकत्यांचा, सुरुवातीला ठरवून घसरणारा क्लच. धूर कमी झाला, वेळ झपाट्यानं खाली आली. पण जी उष्णता आधी टायर उघड्यावर सोडून द्यायचा, ती आता चालकाच्या पायांजवळच्या एका डब्यात कोंडली गेली. तापलेल्या चकत्या आणि फ्लायव्हील जोरानं फिरताना फुटले, तर तुकडे तोफगोळ्यासारखे बाहेर पडत. १९६७ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात माइक सोरोकिन हा नावाजलेला चालक अशाच क्लच-स्फोटात गेला.

त्या काळच्या गाडीला स्लिंगशॉट, म्हणजे गलोल म्हणत. गलोलीत दगड जसा सर्वांत मागे, तसा चालक मागच्या आसाच्याही मागे. इंजिन त्याच्या पुढ्यात, आणि क्लच व गिअरबॉक्स जवळजवळ त्याच्या पायांमध्ये. वजन मागे पडावं आणि टायरला पकड मिळावी म्हणून ही रचना केली होती. टायर खराब होते तेव्हा ती शहाणपणाची होती. टायर सुधारल्यावर तीच सापळा बनली, आणि तरी कुणी ती बदलली नाही.

८ मार्च १९७०, लॉंग बीचजवळची लायन्स पट्टी. गार्लिट्स यांच्या गाडीतला दोन गतींचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला.

रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी दुसऱ्या गाडीचा विचार सुरू केला. अधिक जाड पोलाद लावून तीच गाडी पुन्हा बांधता आली असती. त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेलं. अशा गाड्या पूर्वीही झाल्या होत्या, पण त्या सरळ चालत नाहीत असा लौकिक होता. चालक पुढे बसल्यामुळे त्याला गाडीचं मागचं टोक वळतंय हे उशिरा कळे, आणि तो स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवी. गार्लिट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्टिअरिंगचं प्रमाण बदलून ते मंद केलं. गाडी बाणासारखी जाऊ लागली. १९७१ मध्ये पोमोना इथली विंटरनॅशनल्स त्यांनी याच गाडीनं जिंकली. पुढच्या काही वर्षांत गलोलीसारख्या गाड्या वरच्या वर्गातून नाहीशा झाल्या. तेल, आग, तुकडे सगळं आता चालकाच्या मागे राहिलं. १९७५ मध्ये गार्लिट्स यांनीच ५.६३ सेकंदांची नोंद केली, ताशी २५०.६९ मैल, म्हणजे चारशे किलोमीटरच्या वर. मघाच्या सूत्रात घालून पाहा, सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपट निघतो.

तोडमोड तिथेही थांबली नाही. शर्ली मल्डाउनी या तीन वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या चालक. १९८४ मध्ये कॅनडात मॉंट्रियलजवळ त्यांच्या पुढच्या बारीक चाकातली ट्यूब निकामी झाली आणि चाक अडकलं. सायकलसारखी दिसणारी ती चाकं, त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसे. त्या अपघातात त्यांच्या दोन्ही पायांचा चुराडा झाला. १९८६ मध्ये त्या परत शर्यतीत उतरल्या. आणि २००८ मध्ये एका चालकाच्या मृत्यूनंतर एनएचआरएनं सर्वांत वेगवान गाड्यांसाठी पाव मैलाची पट्टीच कमी करून १००० फुटांवर आणली. इंजिनाची ताकद वाढतच होती, पण थांबायला लागणारी जमीन तेवढीच होती. म्हणजे शेवटी सर्वांत कमकुवत कडी पट्टीची लांबी ठरली.

आपण काय घ्यायचं?

मी लष्करात वाहनांच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काढली. तिथे एक शिस्त होती : तुटलेला भाग फेकायचा नाही. पुसायचा, उजेडात धरायचा, तुटलेली कड वाचायची. कडेवर भरती-ओहोटीच्या खुणांसारख्या बारीक रेषा असतील तर तो भाग बरेच दिवस थोडा थोडा तडकत होता, म्हणजे तपासणी कमी पडली. कड खरखरीत, दाणेदार असेल तर एकाच धक्क्यात गेला, म्हणजे भार जास्त झाला. दोन्हींचा उपाय वेगळा. न पाहता नवा भाग टाकला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. यंत्रातला एक भाग तुम्ही मजबूत केलात की त्याचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जातो. गाडीत मोठं इंजिन बसवणारा तरुण, ट्रॅक्टरला जड ट्रॉली जोडणारा शेतकरी, जुन्या वायरिंगवर नवा एसी लावणारे आपण, सगळ्यांनी एवढाच प्रश्न विचारायचा : आता तुटलं तर काय तुटेल, आणि तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसलेलं असेल? या प्रश्नाच्या उत्तरात माणूस येत असेल, तर जाड पत्रा शोधू नका. आधी माणसाची जागा बदला.

पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू. या गाड्या थांबवायला पॅराशूट का लागलं, तिथून सुरुवात करू. तोवर टायरमधली हवा तपासा, आणि काळजी घ्या.

जय हिंद.